‘मिक्सर गेला’ म्हणण्याआधी: लॅपटॉपला जोडलेल्या डीजे मिक्सरबाबत या चुका टाळा

‘मिक्सर गेला’ म्हणून दुरुस्तीच्या दुकानात आलेल्या मिक्सरांपैकी बऱ्याच मिक्सरांना काहीही झालेलं नसतं. एखादा स्विच भलतीकडे असतो, केबल चुकीच्या भोकात असते, नाहीतर लॅपटॉपमधलं एखादं सेटिंग रात्रीच्या अपडेटने बदललेलं असतं. ऐन वरातीत मात्र एवढा विचार करायला कुणाला फुरसत नसते. मग केबल उपसणं, लॅपटॉप रीस्टार्ट करणं, मिक्सरवर हात आपटणं असे सगळे उपाय एकदमच सुरू होतात आणि नेमकं काय बिघडलं होतं ते शेवटपर्यंत कळत नाही.

कारण असं की हल्लीचा मिक्सर म्हणजे एका डब्यातली तीन यंत्रं. पहिलं, नेहमीचा मिक्सर: फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी), इक्वलायझर, हेडफोनचा क्यू (गाणं आधी फक्त आपल्या कानात ऐकायची सोय). दुसरं, साउंडकार्ड: लॅपटॉपमधलं गाणं यूएसबीने आत घेणारं आणि टर्नटेबलचा, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरचा, सिग्नल लॅपटॉपकडे पाठवणारं. तिसरं, मिडी कंट्रोलर, म्हणजे सॉफ्टवेअरला हुकूम देणारा भाग: पॅड, लूपची बटणं, इफेक्टचे पॅडल. २००४ साली सेराटो स्क्रॅच लाइव्ह हे डीजे सॉफ्टवेअर आलं तेव्हा साउंडकार्डाचा डबा वेगळा असायचा. रेन कंपनीने टीटीएम-५७एसएलमध्ये तो मिक्सरच्याच पोटात घातला आणि पुढे पायोनियरच्या डीजेएम-एस९ सारख्या मिक्सरांनी पॅडही वर आणून बसवले. सोय झाली, पण कुठलं यंत्र अडलंय हे बाहेरून दिसेनासं झालं.

म्हणून पहिली सवय ही लावून घ्या. आवाज गेला की मोबाइल एखाद्या लाइन इनपुटला लावून गाणं वाजवा. ते स्पीकरमधून आलं तर मिक्सर, ॲम्प, स्पीकर सगळं ठीक, भानगड लॅपटॉपच्या बाजूची. मग पॅड दाबून बघा. पॅड दाबल्यावर सॉफ्टवेअरमध्ये गाणं क्यू पॉइंटवर, म्हणजे आधी लावलेल्या खुणेवर, उडी मारतंय पण आवाज नाही, तर मिडी चालू आहे आणि साउंडकार्ड अडलंय. अर्ध्या मिनिटात तीनपैकी दोन संशयित सुटतात.

आवाजच नाही

सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण म्हणजे इनपुट सिलेक्टर, चॅनेलने आवाज कुठून घ्यायचा ते ठरवणारा स्विच. टाइमकोड रेकॉर्डवर (जिच्यात गाणं नसून सॉफ्टवेअर चालवणारा टोन असतो) वाजवताना टर्नटेबल फोनोला, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरसाठीच्या इनपुटला, जोडलेला असतो, म्हणून नवखा माणूस सिलेक्टरही फोनोवरच ठेवतो. पण इथे सिग्नल फिरून येतो: सुईने उचललेला टोन मिक्सरमधून लॅपटॉपकडे जातो, सॉफ्टवेअर त्यावरून गाणं चालवतं आणि ते गाणं यूएसबीने परत मिक्सरमध्ये येतं. म्हणजे चॅनेल यूएसबीवर हवं. फोनोवर ठेवलंत तर स्पीकरमधून ‘कीऽऽऽ’ असा कानात घुसणारा आवाज येतो. तो सेराटोच्या रेकॉर्डवरचा १ किलोहर्ट्झचा कंट्रोल टोन. तो आवाज आला की घाबरू नका, उलट बरं माना: सुई, कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) आणि टर्नटेबलची वायर तिन्ही ठीक आहेत हे त्यावरून कळलं.

दुसरं ठिकाण क्रॉसफेडर, म्हणजे एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेणारा आडवा फेडर. डीजेएम मालिकेतल्या चार चॅनेलच्या मिक्सरवर प्रत्येक चॅनेलखाली ए, थ्रू, बी असा छोटा स्विच असतो. आधीच्या डीजेने चॅनेल एकला बी वर ठेवलं असेल आणि तुमचा क्रॉसफेडर ए कडे असेल, तर मीटर नाचेल, हेडफोनमध्ये गाणं येईल, स्पीकर मात्र गप्प. क्रॉसफेडर वापरायचाच नसेल तर सगळे स्विच थ्रूवर करून मोकळे व्हा. स्क्रॅचच्या मिक्सरवर क्रॉसफेडरला रिव्हर्सचा स्विच असतो. त्याने फेडरच्या दिशा उलटतात आणि माणूस पाच मिनिटं वेड्यासारखा फेडर ओढत बसतो.

तिसरं, दोन यूएसबी पोर्ट. डीजे बदलताना संगीत थांबू नये म्हणून एस९, रेन सेव्हन्टी-टू यांसारख्या मिक्सरांना दोन लॅपटॉप एकदम लावता येतात. पण चॅनेल कुठल्या पोर्टवरून ऐकणार ते तुम्हालाच निवडावं लागतं. केबल बी मध्ये आणि चॅनेल ए वर, ही चूक डीजे बदलाच्या घाईत हमखास होते.

चौथं, इंटर्नल की एक्स्टर्नल. ट्रॅक्टरसारख्या सॉफ्टवेअरला मिक्सिंग स्वतःच्या आत करायचं की बाहेरच्या मिक्सरवर सोडायचं ते सांगावं लागतं. इंटर्नलवर राहिलं तर दोन्ही डेकचा (सॉफ्टवेअरमधल्या दोन प्लेअरांचा) आवाज मिसळून एकाच चॅनेलवर येतो. मग तुम्ही चॅनेल दोनचा बेस कापताय आणि काहीच फरक पडत नाही. इक्वलायझर बिघडल्याची तक्रार आली की आधी हे बघावं.

टाइमकोड: वर्तुळ वाचायला शिका

इथे जरा सावकाश जाऊ, कारण इथेच लोक सगळ्यात जास्त अंदाजपंचे काम करतात. खरं तर सॉफ्टवेअर तुम्हाला चित्र काढून दाखवत असतं. सेराटोच्या सेटअपमध्ये प्रत्येक डेकसाठी एक स्कोप असतो. रेकॉर्ड फिरू लागली की त्यात हिरवं वर्तुळ उमटतं. डावा आणि उजवा चॅनेल सारख्या ताकदीने येत असतील, तर वर्तुळ गोल आणि रेघ स्वच्छ.

वर्तुळाऐवजी एकच सरळ रेघ दिसली, तर एक चॅनेल मेलाय. हेडशेल (कार्ट्रिज ज्यावर बसतं तो टोकाचा भाग) काढा आणि मागच्या चार बारीक वायरी बघा: पांढरी आणि निळी डाव्या चॅनेलच्या, लाल आणि हिरवी उजव्याच्या. बहुतेक वेळा त्यातली एखादी टोपी पिनेवरून निसटलेली असते. बारीक चिमट्याने हळूच परत बसवा. सोल्डरिंगची गरज क्वचितच पडते.

वर्तुळ अंड्यासारखं चपटं असेल, तर एक बाजू कमजोर आहे. सुईच्या टोकाला धूळ, कार्ट्रिज तिरकं बसलेलं किंवा आरसीए पिन (टर्नटेबलच्या वायरीच्या टोकाची) सैल. वर्तुळ गोल पण रेघ केसाळ, थरथरती, तर हम (घूंऽऽ असा गुणगुणाट) किंवा बेसची धमक सुईपर्यंत पोचतेय. वर्तुळ इतकं लहान की ठिपकाच दिसतोय, तर टर्नटेबल लाइनवर लागलाय. कार्ट्रिजचा सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्टचा असतो, त्याला फोनोचा प्रीॲम्प लागतोच. उलट सीडीजे (डीजेचा डिजिटल प्लेअर) फोनोवर लावलात तर आवाज फाटतो.

आणि एक गंमत. वर्तुळ अगदी झकास, पण गाणं उलटं वाजतंय. डावी-उजवी अदलाबदल झाली की सॉफ्टवेअरला रेकॉर्ड उलटी फिरतेय असं वाटतं. मागच्या दोन आरसीए पिना आपसात बदला, झालं. सॉफ्टवेअर पुन्हा टाकायची काही गरज नाही.

डीजेएम-९००एनएक्सएस२ सारख्या मिक्सरवर आणखी एक पायरी आहे. त्याची सेटिंग युटिलिटी लॅपटॉपवर उघडली की यूएसबीने लॅपटॉपकडे काय जावं ते प्रत्येक चॅनेलसाठी ठरवता येतं: कंट्रोल टोन फोनो, कंट्रोल टोन लाइन, फेडरनंतरचा आवाज, रेकॉर्डिंगचा आउट वगैरे. आदल्या दिवशी कुणी मिक्सचं रेकॉर्डिंग करायला हे बदलून गेलं असेल, तर टर्नटेबल चांगला असूनही स्कोप कोराच राहतो. क्लबच्या मिक्सरवर वाजवायचं असेल तर ही खिडकी आधी उघडा.

नॉइझ सेन्सिटिव्हिटी, म्हणजे कितपत गोंगाटाकडे सॉफ्टवेअरने दुर्लक्ष करायचं ते सेटिंग, घरी लावून ठेवू नये. ती जागेवर लावायची: सुई थांबलेल्या रेकॉर्डवर ठेवलेली, स्पीकरमधून दुसरं गाणं नेहमीच्या आवाजात चालू. शांत खोलीत लावलेलं सेटिंग सब-वूफर सुरू झाल्यावर कोसळतं, आणि रेकॉर्ड थांबलेली असताना गाणं कणाकणाने सरकायला लागतं. टेबल सबच्या डोक्यावर ठेवलं असेल, तर कुठलंच सेटिंग वाचवणार नाही. टेबल हलवा. मंडपवाला कुरकुर करेल, करू दे.

रेकॉर्ड कुठलीही चालत नाही हेही सांगायला हवं. मिक्सक्स किंवा व्हर्च्युअल डीजे या सॉफ्टवेअरांना वेगवेगळ्या कंपन्यांच्या टाइमकोड रेकॉर्ड चालतात. सेराटो आणि ट्रॅक्टर आपापल्याच रेकॉर्डवर अडून बसतात.

घूंऽऽ

हम आली की लोक मिक्सरला शिव्या देतात. आधी टर्नटेबलची बारीक ग्राउंड वायर मिक्सरमागच्या जीएनडी स्क्रूला घट्ट आहे का बघा. मग लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. चार्जर काढताच हम गेली, तर दोष मिक्सरचा नाही, अर्थिंगचा आहे.

आपल्याकडच्या लॉन्सवर हे नेहमीचं दुखणं. मिक्सर एका बोर्डवर, लॅपटॉप दुसऱ्यावर, ॲम्प थेट जनरेटरवर, आणि एक्स्टेन्शनच्या थ्री-पिनची अर्थिंगची पिन कधीच मोडून गेलेली. मिक्सर, लॅपटॉप आणि टर्नटेबल एकाच एक्स्टेन्शनवर घ्या, अर्धी हम तिथेच मरते. अर्थिंगची पिन काढून टाकणं हा ‘उपाय’ कुणी सुचवला तर त्याला टेबलापासून लांब ठेवा. हम जाईल, पण मेटलच्या फेसप्लेटला करंट आला तर तो तुमच्या हातातून जमिनीत जाणार.

तडतड आणि अडकणं

आवाज मध्येच तडतडतो किंवा क्षणभर अडकतो, तेव्हा बहुतेक वेळा बफर, म्हणजे लॅपटॉप आवाजाचा जो छोटा साठा आधी तयार ठेवतो तो, कमी पडतो. ४४.१ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे साधारण ५.८ मिलिसेकंद, ५१२ चा ११.६, १०२४ चा २३.२. स्क्रॅच करणाऱ्याला कमी बफर लागतो, नाहीतर हात आणि आवाज यांत अंतर जाणवतं. पण लग्नात गाण्यामागून गाणी लावणाऱ्याने १२८ वर हट्ट धरण्यात काय अर्थ आहे? जुना लॅपटॉप असेल तर ५१२ वर ठेवा आणि निवांत वाजवा.

विंडोजवर ड्रायव्हर मिक्सरच्या कंपनीचा एसिओचाच (आवाज कमी उशिराने पोचवणारा) निवडा. पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, नाहीतर वीज वाचवायला म्हणून विंडोज तुमचं साउंडकार्डच झोपवतं. लॅपटॉप बॅटरीवर चालवू नका, बरेच लॅपटॉप बॅटरीवर प्रोसेसरचा वेग उतरवतात. वायफाय बंद ठेवा.

आणि विंडोजचं डिफॉल्ट आउटपुट लॅपटॉपच्या स्पीकरवर ठेवा, मिक्सरवर नको. हे विसरलात तर नवरा-नवरीच्या एन्ट्रीच्या शांततेत व्हॉट्सॲपची ‘टिंग’ मोठ्या स्पीकरमधून सगळ्या पाहुण्यांना ऐकू जाते.

केबलवर पैसे वाचवू नका. यूएसबी २.० ची केबल ५ मीटरच्या वर जाऊ नये, आणि तीन मीटरच्या आत राहिली तर उत्तम. मोबाइल चार्जिंगच्या दुकानातून घेतलेला विना-ॲडॅप्टरचा हब मध्ये घालू नका. मिक्सर थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा, हब लागलाच तर स्वतःच्या ॲडॅप्टरवर चालणारा घ्या. मॅकवाल्यांनी नवीन सिस्टिम आली की लगेच अपडेट दाबायचं नाही. तुमचं सॉफ्टवेअर आणि मिक्सरचा ड्रायव्हर तिला चालतो असं कंपनीने जाहीर केल्यावरच दाबायचं.

आवाज फाटतो

गेनच्या बाबतीत आपल्याकडे एक समजूत आहे की लाल लागल्याशिवाय गर्दी नाचत नाही. सॉफ्टवेअरवाल्या मिक्सरमध्ये ही समजूत दुप्पट महाग पडते, कारण इथे गेन दोन ठिकाणी आहे. आधी सॉफ्टवेअरचा, मग मिक्सरचा ट्रिम (चॅनेलच्या वरचा गेनचा नॉब). सॉफ्टवेअरमध्येच आवाज फाटला, तर तो फाटलेलाच यूएसबीने बाहेर येतो. मग मिक्सरचं मीटर हिरवं दाखवेल, तुम्ही फेडर खाली घ्याल, आणि आवाज नुसता हळू आवाजात फाटलेला ऐकू येईल.

म्हणून सॉफ्टवेअरमधला ऑटो गेन चालू ठेवा आणि तिथे लाल लागू देऊ नका. उरलेलं काम ट्रिमने करा: मीटर ० डीबीच्या आसपास, जोरात भाग आला तर केशरी, लाल नाही. आवाज कमी वाटला तर मागे ॲम्पवर बसलेल्या साउंडवाल्याला सांगा. तुम्ही लालमध्ये ढकललंत तर तो मागून कमी करतो, मग तुम्ही पुन्हा वाढवता, आणि शेवटी ट्वीटर जळतात. ते कुणाच्या खिशातून जातात हे प्रत्येक ऑर्डरमध्ये नव्याने भांडून ठरतं.

पॅड पेटत नाहीत

आवाज येतोय पण पॅड मेलेत, तर तिसरं यंत्र अडलंय. मागे दुसरं डीजे सॉफ्टवेअर उघडं राहिलंय का बघा, दोघं एकाच मिक्सरवर हक्क सांगतात. फर्मवेअर (मिक्सरच्या आतलं सॉफ्टवेअर) जुनं असेल तर नवं सॉफ्टवेअर मिक्सर ओळखत नाही. फर्मवेअरचं अपडेट घरी करायचं, यूपीएसवर. जनरेटरवर करू नका.

लायसन्सचाही घोळ असतो. काही मिक्सर जोडताच सेराटो डीजे प्रो वेगळं लायसन्स न घेता चालू होतं. ९००एनएक्सएस२ सारख्या क्लब मिक्सरवर मात्र टाइमकोडसाठी सेराटोचा क्लब किट वेगळा विकत घ्यावा लागतो. आणि लॉगइनला इंटरनेट लागतं. लॉन्सवर मोबाइलला एक दांडी असताना पासवर्ड रीसेटचा ईमेल शोधत बसण्यापेक्षा घरूनच लॉगइन करून निघा.

गुलाल

गणपतीत आणि वरातीत वाजवणाऱ्यांसाठी एवढं खास. गुलाल फेडरच्या फटीत जातो आणि आठवड्याभराने क्रॉसफेडर खरखरायला लागतो. कार्बन ट्रॅकचा साधा फेडर असेल तर फेडरसाठीच बनवलेलं क्लीनर वापरा. बिजागरीला मारतात तो गंज काढायचा स्प्रे मारू नका, त्याचा तेलकट थर राहतो आणि त्यावर पुढचा गुलाल आणखी घट्ट बसतो. एस९ किंवा रेन सेव्हन्टी-टूचा चुंबकी फेडर घासून चालत नाही, त्याला क्लीनरची गरज नसते. तो उघडून रुळ कोरड्या ब्रशने साफ केले की पुरतं.

फेडर बदलायला स्क्रू काढाल तेव्हा आधी मिक्सरचा प्लग भिंतीतून काढा आणि रिबन केबल कुठल्या बाजूने लागली होती त्याचा मोबाइलवर फोटो घ्या. उलटी लावलीत तर पुन्हा ‘मिक्सर गेला’ म्हणत दुकानात जावं लागेल, आणि त्या वेळी तो खरोखरच गेलेला असू शकतो.