ड्युटी वॉर्डातच सोडून यायची कशी

ताण कमी करायला सकारात्मक राहा, ध्यान करा, असं सांगणारी व्याख्यानं आम्हा नर्सेससाठी हॉस्पिटलातही होतात. नेमकी स्टाफ कमी असेल त्याच दिवशी! माझ्या मते ताण घरी येतो तो बहुतेकदा अर्धवट दिलेल्या ओव्हरमधून. ओव्हर म्हणजे ड्युटी संपताना पुढच्या सिस्टरला रुग्णांची माहिती देणं. जिना उतरताना आठवतं, बेड 14 चा पोटॅशियमचा रिपोर्ट सांगायचा राहिला, आणि दादर येईपर्यंत तेच डोक्यात.

म्हणून ओव्हर टेबलाशी बसून देऊ नका, बेडशी उभं राहून द्या. सलाईन किती उरलंय, पुढचा डोस कधी, युरिन बॅग कधी रिकामी केली, कोणत्या नातेवाइकाचा पारा चढलाय. डॉक्टरांच्या राउंडला उशिरा आलेली ऑर्डर राहिली असेल तर 'अजून दिलेलं नाही' असं म्हणून पुढच्या सिस्टरला केसपेपरवर दाखवा. निघण्याआधी खिशातली चिठ्ठी एकदा वाचा, राहिलेलं सांगा आणि ती तिथेच फाडून टाका. मग वॉर्डाचा ग्रुप म्यूट. खरंच अडलं तर इनचार्ज सिस्टर फोन करतीलच.

नाइटचं गणित वेगळं. पहाटे तीन ते पाच डोकं सगळ्यात मंद चालतं. त्या वेळी इन्सुलिन, हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध), पोटॅशियम दुसऱ्या सिस्टरला दाखवल्याशिवाय द्यायचं नाही. चहा दोनपर्यंतच. पाळीपाळीने वीस मिनिटं पाठ टेकता आली तर टेका, पण इनचार्जना सांगून. सकाळी सगळी मुंबई सीएसएमटीकडे धावते, आपण उलटे, त्यामुळे खिडकी मिळते. फक्त गजर लावा, नाहीतर डोंबिवली झोपेतच मागे पडतं. घरी आधी झोप, मग पोळ्या. हे सासूबाईंना नाइट लागायच्या आधीच सांगून ठेवा, आल्यावर वाद घालायला अंगात त्राण नसतं.

ड्युटी लिस्ट बनताना सकाळ, दुपार, मग रात्र असा क्रम मागा. उलटा क्रम शरीराला फार जड जातो.

आणि माणसंच कमी असतील तर दीर्घ श्वास घेऊन काय होणार? भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषात अध्यापन रुग्णालयात 3 रुग्णांमागे 1 परिचारिका धरली आहे. चाळीस जणांचा वॉर्ड दोघींवर आला तर तसं लेखी द्या: तारीख, वेळ, रुग्ण किती, हजर किती. पोच घ्या. तोंडी कुरकुर कोणी ऐकत नाही. नातेवाइकाने हात उगारला तर एकटीने समजूत घालत बसू नका, सिक्युरिटीला बोलवा आणि तक्रार व्हायलाच हवी म्हणून अडून राहा. हॉस्पिटलातल्या कर्मचाऱ्यांवरच्या हिंसेविरुद्ध राज्याचा 2010 चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

सुट्टीनंतरही थकवा तसाच, बेल वाजली की चीड, रुग्ण गेला तरी काहीच वाटत नाही, असं आठवडेच्या आठवडे चाललं तर मानसोपचार ओपीडीत जा. आपल्याच हॉस्पिटलात संकोच वाटत असेल तर दुसरीकडे जा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं आणि रात्रीही सुरू असतं.