ट्रॉम्सो ते लाँगयरब्येन: अंतर आणि वेळ कसा काढायचा

उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोचा अक्षांश ६९.७, स्वालबार्ड या नॉर्वेच्याच आर्क्टिक बेटांवरच्या लाँगयरब्येनचा ७८.२, म्हणजे फरक साडेआठ अंशांचा, एक अंश धरा १११ किमी, झाले साधारण ९४५. रेखांशातही साडेतीन अंशांचा फरक आहे, पण इतक्या उत्तरेला रेखांश एकदम जवळ येतात, त्यामुळे त्याने जेमतेम पाच-सहा किमी वाढतात, सरळ ९५० पकडा.

आता वेळ. जेटला ताशी ८०० धरले तर सव्वा तास, वर टेकऑफ-लँडिंगचा अर्धा तास, म्हणजे पावणेदोन तासांच्या आसपास. घड्याळ बदलायचं नाही, दोन्हीकडे नॉर्वेचीच वेळ.

आणि हे नक्की बघा, स्वालबार्ड शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) येत नाही, म्हणून पासपोर्ट लागतोच, आणि भारतीय पासपोर्टवाल्यांनी डबल किंवा मल्टिपल एन्ट्रीचाच व्हिसा घ्या, नाहीतर परत शेंगेनमध्ये शिरताना अडकाल.