प्रायमिंगचा (म्हणजे आधी काही शब्द दाखवून माणसाच्या वागण्यावर नकळत परिणाम होतो का ते बघण्याचा) प्रयोग रिपीट करताय? आधी स्टॉपवॉच बाजूला ठेवा
कारण सांगतो. १९९६ मध्ये मानसशास्त्रज्ञ जॉन बार्ज आणि मंडळींनी न्यूयॉर्कमध्ये फ्लोरिडा (अमेरिकेत रिटायर झालेले लोक जिथे जाऊन राहतात ते राज्य), सुरकुत्या असले म्हातारपणाचे शब्द वाक्यांत पेरले नि पोरं कॉरिडॉरमधून हळू चालली म्हणे, पण गट फक्त ३० जणांचा. २०१२ मध्ये बेल्जियममध्ये हाच प्रयोग परत केला, १२० जण घेतले, वेळ हातातल्या स्टॉपवॉचऐवजी इन्फ्रारेड सेन्सरने मोजली आणि इफेक्ट गायब! मग प्रयोग घेणाऱ्यांनाच सांगून ठेवलं की हे लोक हळू चालतील, तर खरंच हळू चालले, आता बोला. म्हणून कोणाला कुठले शब्द मिळालेत ते घेणाऱ्याला कळूच देऊ नका, कागद बंद पाकिटात द्या, माणसं भरपूर घ्या, आणि अ‍ॅनालिसिस कसं करणार ते डेटा यायच्या आधीच लिहून रजिस्टर करा, नंतर आकडे बघून नियम बदलायचे नाहीत.