हाक, चाल आणि कथा : गोंधळाच्या अंगाने आवाज कसा मोकळा करावा

‘मला गाता येत नाही’ म्हणणारी बहुतेक माणसं मांडी घालून, खांदे आखडून, स्वतःच्याच आवाजाकडे कान लावून बसलेली असतात. देवीचा गोंधळ घालणारा गोंधळी तसं गात नाही. तो उभा असतो, त्याचे पाय संबळाच्या ठेक्यावर पडत असतात आणि त्याला कुणाला तरी बोलवायचं असतं. घरच्या रियाजासाठी यातलं थोडं उसनं घेता येतं. मात्र त्याला गोंधळ म्हणू नये. गोंधळ हा कुळाचार आहे आणि गोंधळ्यांची पिढीजात विद्या आहे.

सुरुवात घागरीने करा. रेणुका रोज नदीवर वाळूची घागर घडवायची, सापाच्या वेटोळ्याची चुंबळ करायची आणि जमदग्नींसाठी पाणी आणायची, अशी कथा आहे. तुम्ही जुन्या टॉवेलची चुंबळ करून वर रिकामं पातेलं ठेवा आणि खोलीत अनवाणी चाला. (चक्कर किंवा मानेचा त्रास असेल तर नुसतं मनातल्या मनात ठेवा.) हनुवटी जरा वर-खाली झाली तरी पातेलं घसरतं, त्यामुळे मानेला सरळ राहावंच लागतं. आता ओठ मिटून, बोलण्याच्याच पट्टीत ‘म्’ चा गुंजारव करा. घागर काठोकाठ भरली आहे आणि कच्च्या वाळूची आहे, जोर लावला तर ढासळेल, असं धरून चला. पावलं संथ पडतात, श्वास पोटापर्यंत जातो आणि गुंजारव नाका-ओठांशी जाणवू लागतो. पाचेक मिनिटांनी पातेलं उतरवा, मान तशीच राहू द्या.

मग जागच्या जागी पावलं टाका. चार पावलांत श्वास घ्या, आठ पावलांत ‘आ’ सोडा. दम पुरत नसेल तर सहा करा.

खरी गंमत आवाहनात आहे. गोंधळाच्या आरंभी तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची महालक्ष्मी अशा देवतांना नावानिशी ‘गोंधळाला यावं’ म्हणून बोलावतात. जेजुरीचा खंडोबा, पंढरपूरचा विठोबाही त्यात येतात. तुम्ही जिथे राहता तिथून ही ठिकाणं कोणत्या दिशेला आणि किती लांब, हे आधी ठरवा. पुण्यातून जेजुरी पन्नासेक किलोमीटरवर, कोल्हापूर दक्षिणेला, तुळजापूर पूर्वेला, माहूर तर पार विदर्भाच्या सीमेवर. अंग त्या दिशेला वळवा, हात पुढे करा आणि हाक द्या. जेजुरीला साध्या आवाजात बोलवा. माहूरसाठी जोर वाढवू नका, ‘ये’ लांबवा आणि जबडा सैल सोडा. ओरडलात तर घसा लगेच आवळतो.

दोन-चार हाकांनंतर आवाज आपणहून एका स्वरावर टेकू लागतो. तो पेटीवर किंवा मोबाइलमधल्या तानपुऱ्यावर शोधा आणि तूर्त तोच षड्ज, म्हणजे आपला ‘सा’, धरा. पुरुषांचा बहुधा पेटीच्या काळी एक-दोन या पट्ट्यांच्या आसपास येतो, बायकांचा काळी चार-पाचच्या. तुमचा वेगळा आला तर येऊ द्या. दुसऱ्याच्या पट्टीत गायच्या हट्टापायी चांगले आवाज दबलेले असतात. पहिले काही दिवस रेकॉर्डिंगही करू नका.

पुढे आख्यान. गोंधळात नायक कथा सांगतो आणि साथीदार मध्येच प्रश्न टाकून ती पुढे रेटतो. घरातल्या कुणालाही साथीदार करा. ‘मग काय झालं?’ एवढं विचारता आलं तरी पुरे. कथा परशुरामाची घ्या. त्याने बेटासुराला मारलं, त्याच्या शिराला तंतू ओवून वाद्य केलं आणि त्यावर ‘तिंतृण तिंतृण’ असा नाद काढत आई रेणुकेला वंदन केलं, अशी गोंधळाच्या उगमाची कथा सांगतात.

पात्रांचे आवाज मुद्दाम काढू नका, नाहीतर नकला होतात. आधी अंग बदला. जमदग्नी बोलताना भार टाचांवर द्या, रेणुकेसाठी मघाची घागरीची चाल आणा. परशुरामाचा परशू वाक्य संपेपर्यंत खाली येऊ देऊ नका. उचललेल्या हाताबरोबर बरगड्या फुललेल्या राहतात आणि वाक्याचा शेवट गळून पडत नाही.

‘तिंतृण’ मात्र रोज घोळवा, आधी षड्जावर, मग एकेक स्वर चढत. जिभेचं टोक चपळ होतं आणि शब्द सुटे ऐकू येतात. वर जाताना खांदे उचलू लागले की तिथेच थांबून खाली या. घसा खवखवला तर त्या दिवशीचा रियाज बंद. आणि घोगरेपणा तीन आठवड्यांत गेला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा.