गच्चीवरची मेथी आणि आठवी-नववीतली पोरं

सोसायटीच्या गच्चीवर मुलांसोबत बाग करायची असेल तर जूनमध्ये सुरुवात करू नका. मी परळला केली होती. पहिल्याच मुसळधार पावसात मेथी कुजली आणि पोरंही पांगली. आता आम्ही दसऱ्यानंतर पेरतो. मेथी तीन-चार दिवसांत उगवते, महिन्याभरात काढायला येते. आठवी-नववीतल्यांचा धीर तेवढाच. टोमॅटो नंतर.

कुंड्या विकत आणू नका. भाजीवाल्याचे जुने क्रेट, नारळाच्या शेंड्या, रसवंतीवरचं चिपाड आणि थोडी माती. निव्वळ माती भिजली की गच्चीवर फार भार येतो. अमृतजल (झाडांना घालायचं पातळ शेणखत) मात्र मुलांकडूनच करून घ्या: १० लिटर पाणी, १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम काळा गूळ. ३ दिवस रोज ढवळायचं, मग दहापट पाणी घालून वापरायचं. (शेण कुठलं? देवळाबाहेर गाय घेऊन बसणाऱ्या मावशींना विचारा.) आधी ‘ईऽऽ’ करणारेच चौथ्या दिवशी बादलीसाठी भांडतात.

कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नका. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यात साधारण आठवड्याभरात तयार होतो. अळ्या दाखवा, विज्ञानाचा तास तिथेच होतो.

मोबाईल जिन्यातल्या पिशवीत. आणि ‘मन मोकळं करा’ वगैरे म्हणू नका. दहावीतला एकजण प्रिलिमनंतर तीन रविवार नुसता तण उपटत होता. चौथ्या रविवारी मान खाली घालूनच म्हणाला, “काकू, गणितात उडालोय. घरी माहीत नाही.” मी झारी भरून त्याच्या हातात दिली.