कॉफी बिघडली तर काउंटरवर नेमकं काय सांगायचं?

कोपऱ्यावरच्या कॉफी शॉपवरचा राग बहुतेक लोक घरी जाऊन काढतात. अर्धा कप तसाच टाकून उठायचं, रात्री फोनवर एक तारा द्यायचा आणि लिहायचं, "कॉफी बेकार." मी काउंटरच्या आतल्या बाजूला काही वर्षं काढली आहेत, त्यामुळे सांगते, त्या दोन शब्दांवरून आतल्या माणसाला काडीचाही बोध होत नाही. हेच गिऱ्हाईक पहिल्या घोटानंतर उठून "आंबट लागतेय हो" एवढं म्हणालं असतं, तर दोन-तीन मिनिटांत दुसरा कप हातात पडला असता. रांगेतल्या मागच्या लोकांची कॉफीही सुधारली असती, ते वेगळंच.

तेव्हा पहिली गोष्ट: जिभेला काय लागतंय ते सांगा. आंबट, कडू, तुरट, पाणचट, करपट, कोमट. यातला कुठलाही एक शब्द पुरतो. "कशीतरीच आहे" म्हणालात तर समोरचा माफी मागेल आणि तशीच दुसरी करून देईल.

एका शब्दाने एवढा फरक का पडतो, ते जरा समजून घ्या. एस्प्रेसो म्हणजे मशीनच्या दाबाने काढलेला कॉफीचा दाट अर्क, आणि एका वेळी काढलेल्या अर्काला शॉट म्हणतात. डबल शॉटचं रोजचं माप साधारण असं असतं: 18 ग्रॅम कॉफीची पूड, त्यातून 36 ग्रॅमच्या आसपास अर्क, वेळ 25 ते 30 सेकंद. पाणी नव्वदीच्या घरातलं आणि दाब 9 बारच्या, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या नऊपटीच्या आसपास. पाणी पुडीतून जाताना आंबटपणा आधी सुटतो, गोडवा त्यानंतर येतो आणि कडवटपणा, तुरटपणा सगळ्यात शेवटी. दळण जाड झालं की पाणी भसकन खाली उतरतं, मागचं काही सुटतच नाही आणि कप आंबट, पातळ लागतो. दळण फार बारीक झालं की धार रडतखडत येते आणि कप कडू होतो. घोट गिळल्यावर जीभ कोरडी पडते. म्हणजे "आंबट" ऐकलं की दळण बारीक करायचं, "कडू" ऐकलं की जाड. तुमच्या एका शब्दावर ग्राइंडर कुठल्या बाजूला फिरवायचा ते ठरतं.

सकाळी नीट लावलेला ग्राइंडर दुपारी बिघडतो कसा, असं लोक विचारतात. बिघडत नाही, सरकतो. सतत दळून पाती तापतात, हवेतला दमटपणा बदलतो, बियांची नवी पिशवी उघडली जाते. चांगला बरिस्ता, म्हणजे मशीनवर कॉफी करणारा, दिवसभर धारेवर डोळा ठेवून असतो, पण गर्दीत त्याचंही लक्ष चुकतं. त्याने दर कपाची चव घेतलेली नसते. ती तुम्ही घेतलेली असते.

एक गिऱ्हाईक अजून डोळ्यांसमोर आहे. वयस्कर बाई, हळू आवाजात बोलणाऱ्या. कप घेऊन परत आल्या आणि म्हणाल्या, "रागावू नका, पण जिभेच्या कडांना झोंबतंय." माझ्या शेजारच्या मुलाने कप घेतला, चमच्याने थोडी चाखली आणि तोंड वाकडं केलं. मग त्याने मशीनखाली रिकामा कप ठेवून नुसता एक शॉट काढून पाहिला. पंधरा सेकंदही झाले नसतील, तोवर धार तपकिरीची पिवळट झाली आणि पाण्यासारखी वाहायला लागली. त्याने ग्राइंडरची कडी एक खूण बारीककडे फिरवली, आत अडकलेलं जुनं दळण काढून फेकलं आणि पुन्हा शॉट लावला. या वेळी आधी काही सेकंद काहीच आलं नाही, मग मधासारखी धार उतरली. बाईंना दुसरा कप मिळाला. त्यांच्याआधी किती जण तीच आंबट कॉफी मुकाट्याने पिऊन गेले होते कोण जाणे.

इथे एक अट आहे. हलक्या भाजलेल्या बियांची कॉफी मुळातच आंबटसर असते, फळासारखी, आणि ती तशीच हवी असणारे लोक आहेत. म्हणून अनोळखी दुकानात तक्रारीआधी विचारा, "ही अशीच लागते का?" हो म्हणाले तर दोष कपाचा नाही, आवडीचा आहे. मग पुढच्या वेळी गडद भाजलेल्या बिया आहेत का, ते विचारून ऑर्डर द्या.

सांगायचं कधी? पहिल्या दोन-तीन घोटांत. कप तळाला गेल्यावर आलात तर कुणीही कुचंबतं, आणि थंड झालेल्या कॉफीत आंबट-कडू दोन्ही जास्त टोचतात, त्यामुळे मूळ दोष ओळखूही येत नाही. कप सोबत न्या, ओतून देऊ नका. आतल्या माणसाला चाखून बघू दे. रांगेत पुन्हा उभं राहायची गरज नाही, जिथे तयार कप देतात त्या बाजूला थांबा आणि मशीन चालवणाऱ्याशीच बोला. पैसे घेणाऱ्याला सांगितलेला "आंबट" मशीनपर्यंत पोचेपर्यंत नुसता "दुसरी द्या" होतो. आवाज चढवायचं तर कारणच नाही. चढलेल्या आवाजाला माणूस उत्तर देतो, कॉफी बाजूला राहते.

अर्ध्या तक्रारी मात्र चवीच्या नसतातच, त्या ऑर्डरमध्येच जन्मतात. मॅकियाटो घ्या. एका दुकानात ती एस्प्रेसोवर चमचाभर दुधाचा फेस असते, दुसऱ्या दुकानात तेच नाव सांगितलं की मोठ्या ग्लासात दूध आणि गोड सिरप येतं. फ्लॅट व्हाइट, लाटे आणि कॅपुचिनो यांतही दूध आणि फेसाचं प्रमाण दुकानागणिक बदलतं. त्यामुळे नावापुढे अर्धं वाक्य जोडायची सवय लावा: "लहान कप, दूध कमी, फेस पातळ." याला कुणी हसत नाही. उलट आतल्या माणसाचा जीव भांड्यात पडतो.

"स्ट्राँग द्या" हा आणखी एक घोळ. कुणाला त्यात कडूपणा हवा असतो, कुणाला दाटपणा, कुणाला झोप उडायला हवी असते. गडद भाजलेली कॉफी चवीला जहाल असते, म्हणून तिच्यात कॅफीन जास्त असतं असं मुळीच नाही. कॅफीन हवं तर एक शॉट वाढवून मागा, नाहीतर मोठा कप फिल्टर कॉफी घ्या, म्हणजे गाळणीतून हळूहळू गाळलेली काळी कॉफी, दाक्षिणात्य दुधाची नव्हे. एका सिंगल शॉट एस्प्रेसोत साधारण 60 ते 65 मिलिग्रॅम कॅफीन असतं आणि भरल्या कप फिल्टर कॉफीत सहसा त्याहून जास्त, हे ऐकून लोक दरवेळी चकित होतात. आणि डिकॅफमध्ये, म्हणजे कॅफीन काढून टाकलेल्या कॉफीत, थोडं का होईना कॅफीन उरतंच. डॉक्टरांनी पूर्ण बंद सांगितलं असेल तर तोही मागू नका.

दुधाचं सांगते. बरिस्ता दूध 60 ते 65 अंशांपर्यंत तापवतो, कारण तिथे ते सगळ्यात गोड लागतं. सत्तरीच्या वर गेलं की फेस फाटतो, उकळल्याचा वास येतो आणि तो वास कॉफीवर बसतो. "एकदम कडक गरम" मागायला हरकत नाही, मिळेलही, फक्त मग चव गेली म्हणू नका. कॉफी लगेच गार होते अशी तक्रार असेल तर कप आधी गरम पाण्याने तापवून घ्यायला सांगा. दूध न जाळता काम होतं. सोयाच्या दुधाचे कधी कधी कपात कण दिसतात, तेव्हा दूध नासलंय असं वाटतं. बहुतेक वेळा ते आंबटसर गरम कॉफीने फाटलेलं असतं. गडद भाजलेल्या बियांवर हा त्रास कमी होतो.

ॲलर्जी असेल तर मात्र आडवळणाने बोलू नका. "बदामाचं दूध नको" हे आवडीसारखं ऐकू येतं. "मला सुकामेव्याची ॲलर्जी आहे, भांडं आणि वाफेची नळी धुऊन घ्याल का?" असं ऑर्डरच्या आधी, स्पष्ट म्हणा. एकाच नळीने सगळी दुधं तापतात. समोरचा घुटमळला, खात्री देता येत नाही म्हणाला, तर दूध नसलेली कॉफी घ्या किंवा सरळ निघा. आणि खात्री देता येत नाही असं तोंडावर सांगणाऱ्या दुकानाला मी तरी मानते.

रांगेत उभं असताना त्या नळीकडे नजर टाकाच. दूध तापवून झालं की ती लगेच ओल्या फडक्याने पुसली जाते का आणि वाफेचा एक फुत्कार सोडून आतून मोकळी केली जाते का? नळीवर वाळलेल्या दुधाचा पापुद्रा दिसला तर मी काळी कॉफी मागते. ग्राइंडरवरच्या बियांच्या डब्याला आतून तेलकट पिवळा थर चढलेला असेल, तर मी कॉफीच मागत नाही.

दुसरा कपही तसाच निघाला तर? तिसरा मागू नका. बिचारा आधीच गोंधळलेला असतो, मागे रांग वाढत असते. पैसे परत मागा किंवा बदल्यात फिल्टर कॉफी घ्या. ती बऱ्याच ठिकाणी वेगळ्या ग्राइंडरवर दळलेली आणि आधीच करून ठेवलेली असते, त्यामुळे एस्प्रेसोचा बिघाड तिला लागत नाही.

एवढं करूनही कुणी उडवून लावलं, तर खुशाल लिहा. पण वार आणि वेळ लिहा, काय मागितलं, चव कशी होती, तुम्ही काय म्हणालात आणि उत्तर काय मिळालं ते लिहा. काउंटरवरच्या पोराचं नाव टाकू नका. "शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास घेतलेली कॅपुचिनो कडू आणि कोरडी होती, सांगितल्यावर बदलून दिली नाही" एवढं वाचून मालक त्या पाळीला कोण होतं आणि ग्राइंडर कुठे लावला होता ते स्वतः शोधून काढेल. आणि बदलून दिली असेल, तर तेही त्याच ओळीत लिहा.