मराठी चित्रपटाची रीलवरची प्रसिद्धी : दहा आठवडे आधीपासून पहिल्या सोमवारपर्यंत

मराठी चित्रपटाचा निकाल बहुतेकदा पहिल्या शुक्रवार ते रविवारात लागतो. या तीन दिवसांत खुर्च्या भरल्या नाहीत तर सोमवारपासून शो कमी होतात. मग मैत्रिणीने सांगितलं म्हणून पुढच्या आठवड्यात जाऊ म्हणणाऱ्या माणसाला सोयीच्या वेळेचा शोच सापडत नाही. चांगल्या सिनेमाचं असं होताना बघून जीव तुटतो. त्यामुळे सोशल मीडियावरचं सगळं काम त्या तीन दिवसांवर नजर ठेवून आखायचं.

नुसता गाजावाजा झाला म्हणजे तिकीट विकलं जातं, असं नाही. २०२२ मध्ये ‘मॉर्बियस’ या हॉलिवूडपटाची इंटरनेटवर एवढी खिल्ली उडाली की मीम्सचा पूर आला. तो पूर पाहून सोनीने जूनमध्ये चित्रपट पुन्हा हजारावर थिएटरांत लावला. त्या वीकेंडची कमाई सुमारे तीन लाख डॉलर, म्हणजे थिएटरमागे जेमतेम तीनशे डॉलर. लोकांना गंमत मीममध्येच मिळत होती, त्यासाठी थिएटरपर्यंत जायची गरज नव्हती. आता ३० जून २०२३ ला आलेला ‘बाईपण भारी देवा’ आठवा. बायका गटागटाने, नटूनथटून आल्या आणि थिएटरच्या लॉबीतच रील केल्या. ती रील करायची तर आधी मैत्रिणी जमवून थिएटरला जावं लागत होतं. आपल्या चित्रपटासाठी अशी कोणती गोष्ट आहे, हे शोधणं हेच पहिलं काम.

१. लोकांच्या हाती काय द्यायचं ते ठरवा

चित्रपट संकलनाच्या टेबलावर असतानाच हे ठरलं पाहिजे. पर्याय मोजकेच असतात : एखादी स्टेप, एखादं वाक्य, एखादा पेहराव, किंवा कुणासोबत बघायचा त्याचं नातं (आईसोबत, शाळेच्या बॅचसोबत, सासू-सुनेने मिळून). यातलं एकच निवडा. तिन्ही-चारही एकदम चालवायला गेलं की लोकांच्या लक्षात काहीच राहत नाही.

स्टेप निवडली असेल तर ती आठ मोजण्यांत संपू द्या, म्हणजे साधारण चार-पाच सेकंद. घरी रील करणाऱ्याचा फोन टेबलावर डब्याला टेकवलेला असतो, मागे फ्रिज असतो आणि फ्रेममध्ये माणूस गुडघ्यांच्या वरच मावतो. त्यामुळे स्टेपची जान हात, खांदे आणि चेहऱ्यात हवी. खाली बसणं, उडी, गिरकी टाळा. साडीतल्या काकूंना आणि दहा बाय दहाच्या खोलीतल्या मुलाला ती सारखीच जमली पाहिजे. नृत्याशी संबंध नसलेल्या पाच जणांना स्टेप एकदाच करून दाखवा. तिसऱ्या प्रयत्नातही त्यातल्या तिघांना जमली नाही तर ती सोपी करा. नृत्यदिग्दर्शक कुरकुर करतील, पण इथे ऐकू नका.

‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ ला आला तेव्हा इन्स्टाग्रामवर रील हा प्रकारच नव्हता, तो भारतात जुलै २०२० मध्ये सुरू झाला. तरी ‘झिंगाट’वर लोक थिएटरमध्ये आणि वरातींत नाचले, कारण त्यासाठी काही शिकावं लागत नव्हतं.

२. सेटवरच साठा करा

प्रसिद्धीची टीम बहुतेकदा चित्रीकरण संपल्यावर नेमली जाते आणि मग तिच्या हाती फक्त ट्रेलरचे तुकडे उरतात. सेटवर एका माणसाला फोन, गिंबल (फोन न हलता धरणारा दांडा) आणि कॉलर माइक देऊन रोज पाच उभ्या क्लिप्स घ्यायला सांगा, प्रत्येकी २० ते ४० सेकंद. २५ दिवसांच्या चित्रीकरणात सव्वाशे क्लिप्स होतात. फाइलला तारीख, दृश्य क्रमांक, कलाकार असं नाव त्याच दिवशी द्या. दहा महिन्यांनी हार्ड डिस्क उघडल्यावर नुसते आकडे दिसले तर तो साठा वाया जातो.

कलाकारांच्या करारात तीन गोष्टी लिहून घ्या : स्वतःच्या खात्यावरून किती पोस्ट, प्रसिद्धीसाठी किती दिवस, आणि कोलॅब पोस्टला (एकच पोस्ट दोन खात्यांवर एकत्र दिसते ती) होकार. तोंडी कबूल केलेलं प्रदर्शनाच्या आठवड्यात आठवत नाही. तेव्हा कलाकार दुसऱ्या सेटवर असतो.

३. खाती, नाव आणि ऑडिओ

चित्रपटाच्या नावाचं एकच रोमन स्पेलिंग ठरवा आणि सगळीकडे तेच वापरा. मराठी माणूस शोधताना रोमनमध्येच टाइप करतो. ‘आई’ शब्दाचीच दोन-तीन स्पेलिंगं होतात. हॅशटॅग तीन ठिकाणी फुटला की कुठलाच मोठा दिसत नाही.

ऑडिओत हमखास चूक होते. गायकाने, नायिकेने आणि निर्मात्याने गाण्याचा तुकडा आपापल्या फोनवरून टाकला की इन्स्टाग्राम त्याचे तीन वेगळे ‘ओरिजिनल ऑडिओ’ धरतं आणि लोकांच्या रील्स तिघांत वाटल्या जातात. म्हणून म्युझिक लेबलकडून गाणं आधी अधिकृतपणे ऑडिओ लायब्ररीत येऊ द्या आणि सगळ्यांनी तीच लिंक वापरायची, असं ठरवा. पंधरा-वीस सेकंदांचा तुकडा निवडताना हुकच्या, म्हणजे गाण्यातल्या चटकन तोंडात बसणाऱ्या ओळीच्या, आधी दोन सेकंदांची धून ठेवा, म्हणजे नाचणाऱ्याला पवित्रा घ्यायला वेळ मिळतो. बिझनेस खात्याला गाण्यांची लायब्ररी अपुरी मिळते, त्यामुळे चित्रपटाचं खातं कोणत्या प्रकारचं ठेवायचं ते पहिल्याच दिवशी तपासा.

४. वेळापत्रक

दहा आठवडे आधी नाव आणि तारीख, सहा आठवडे आधी टीझर, पाच आठवडे आधी पहिलं गाणं, तीन आठवडे आधी ट्रेलर. ट्रेलर याहून लवकर टाकला तर प्रदर्शनापर्यंत लोक विसरतात, उशिरा टाकला तर शोचं वाटप ठरताना दाखवायला काही नसतं. ट्रेलर आला की बुक माय शोवर ‘इंटरेस्टेड’ दाबायला सांगा. हा आकडा वितरक आणि थिएटरवाले दोघेही बघतात.

यूट्यूबवर ट्रेलर टाकायला सेन्सॉर प्रमाणपत्र लागत नाही, थिएटरमध्ये दाखवायला मात्र लागतं. ऑनलाइनच्या घाईत प्रमाणपत्राचा अर्ज मागे पडतो, तेव्हा दोन्ही एकाच वेळी हाती घ्या. तारीख ठरवताना दहावी-बारावीच्या परीक्षा आणि गणपतीही बघा.

५. रील कापताना

ट्रेलर आडवा असतो. तोच वर-खाली काळ्या पट्ट्या लावून उभा टाकणं म्हणजे दोन तृतीयांश पडदा वाया घालवणं. ९:१६ साठी, म्हणजे १०८० बाय १९२० पिक्सेलसाठी, प्रत्येक शॉटची चौकट नव्याने ठरवा. मजकूर आणि चेहरे वरच्या १४ टक्के आणि खालच्या ३५ टक्के भागात ठेवू नका, कारण तिथे खात्याचं नाव, कॅप्शन आणि बटणं येतात. ‘येत्या शुक्रवारी’ ही ओळ नेमकी तिथेच झाकली गेलेली कितीतरी रील्समध्ये दिसते.

निर्मितीसंस्थांची बोधचिन्हं सुरुवातीला नकोत. पहिल्या दोन सेकंदांत चेहरा आणि वाक्य आलं पाहिजे. फोन आवाज बंद ठेवून बघणारे खूप असतात, म्हणून मराठी अक्षरं पडद्यावर द्या आणि जोडाक्षरं तुटत नाहीत ना ते आयफोन आणि साधा अँड्रॉइड, दोन्हींवर बघा. अमेरिका, दुबई किंवा लंडनमध्ये शो लागणार असतील तर इंग्रजी सबटायटल असलेली वेगळी प्रत करा. तिथल्या मराठी घरांतली मुलं आणि अमराठी जोडीदार त्यामुळे येतात. अमेरिकेतल्यांसाठीची पोस्ट आपल्या सकाळी टाका, तिकडे तेव्हा रात्र झालेली असते.

६. मीम पेज आणि क्रिएटर

फॉलोअरच्या आकड्यावर पैसे देऊ नका. शेवटच्या वीस रील्सचे व्ह्यू मागा आणि सगळ्यात वरचे दोन सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. कॉमेंट्स मराठीत आहेत का, कोणत्या जिल्ह्यातून आहेत, तेही बघा. दोन लाखांच्या एका पेजपेक्षा कोल्हापूर, नाशिक, सोलापूर, नागपूरचे वीस-वीस हजारांचे दहा क्रिएटर बरे. त्यांच्या बोलीत ते बोलले तर गाव ऐकतं. त्यांना वाक्यं लिहून देऊ नका. दहा जणांनी तेच वाक्य म्हटलं की प्रेक्षकाला पहिल्याच दिवशी कळतं.

पैसे दिलेली पोस्ट जाहिरात म्हणून दाखवणं बंधनकारक आहे. जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या नियमांनुसार १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत लेबल किमान तीन सेकंद दिसलं पाहिजे, दोन मिनिटांच्या आतल्या व्हिडिओत एक तृतीयांश वेळ. ‘आणखी वाचा’च्या मागे दडवलेलं चालत नाही.

विकत घेतलेल्या व्ह्यूंच्या वाटेला जाऊ नका. त्यात फसवणूक तर आहेच, शिवाय पुढची पायरीही बिघडते.

७. पैसे देऊन जाहिरात

समजा हाती तीन लाख आहेत. एक लाख टीझर आणि गाण्यासाठी खर्च करा, पण मिळवायचं काय तर बघणाऱ्यांची यादी. मेटाच्या (इन्स्टाग्राम-फेसबुकची कंपनी) जाहिरात व्यवस्थेत ज्यांनी व्हिडिओ ५० किंवा ७५ टक्के पाहिला त्यांचा गट वेगळा करून त्यांना पुन्हा जाहिरात दाखवता येते. व्ह्यू खोटे असतील तर हा गटच खोटा भरतो. पन्नास हजार ट्रेलरला. उरलेले दीड लाख शेवटच्या सात दिवसांसाठी राखून ठेवा. निर्माते हेच पैसे ट्रेलरच्या उत्साहात उडवतात.

शेवटच्या आठवड्यात जाहिरात कुठे दिसावी हे ठरवण्याच्या नकाशात शो लागलेल्या प्रत्येक थिएटरवर पिन टाका. शहरात ७-८ किलोमीटर, तालुक्याच्या ठिकाणी २५-३० किलोमीटरचं वर्तुळ घ्या. भाषा ‘मराठी’ निवडू नका. बहुतेक मराठी लोक ॲप इंग्रजीतच वापरतात, त्यामुळे आपलाच प्रेक्षक गळतो. जाहिरात मराठीत असली की ती थांबून बघणारा मराठीच असतो.

८. प्रदर्शनाचा आठवडा

शोच्या वेळा बऱ्याचदा बुधवार-गुरुवारीच हाती येतात. पोस्टरचा साचा आधीच तयार ठेवा आणि शहरानुसार वेगळं चित्र करा : थिएटरचं नाव, वेळ, बुकिंगची लिंक. महाराष्ट्रभरची यादी एकाच चित्रात कोंबली तर फोनवर वाचता येत नाही.

व्हॉट्सॲपवर एक संदेश एका वेळी पाचच चॅट्सना फॉरवर्ड करता येतो, आणि तो पाच हातांतून पुढे आलेला असेल तर एकालाच. म्हणून एकच फॉरवर्ड सगळीकडे फिरेल या भरवशावर राहू नका. कलाकार, तंत्रज्ञ, सोसायटीतल्या ताई, महिला मंडळ, माजी विद्यार्थ्यांचे ग्रुप अशा पन्नास-साठ जणांना मूळ फाइल द्या आणि प्रत्येकाने आपल्या शब्दांत दोन ओळी लिहून पाठवायला सांगा.

प्रेक्षकांच्या रील्स पुन्हा शेअर करा, पण पडदा दिसणारी एकही नको. सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर थिएटरमध्ये चित्रपट रेकॉर्ड करणाऱ्याला किमान तीन महिने कैद आणि तीन लाख दंड होऊ शकतो. अधिकृत खात्यानेच अशी क्लिप उचलली तर चाहत्याला गुन्ह्याकडे ढकलल्यासारखं होतं, शिवाय चोरीच्या तक्रारीतला आपला जोर जातो. लॉबीत स्टँडी (चित्रपटाचा उभा कटआउट) लावा, तिच्यापासून आठ फुटांवर फरशीवर चिकटपट्टीने खूण करा आणि वर चांगला दिवा लावा. सहा जणींचा घोळका फ्रेममध्ये मावला पाहिजे.

रविवारी रात्री सोमवारच्या शोची यादी मागवा. ज्या थिएटरचा शो उतरला, तिथली जाहिरात त्याच रात्री बंद करा आणि तो पैसा जिथे शनिवार-रविवार भरला तिथे वळवा. सोमवारी सकाळी शहरानुसारचं चित्र नव्या वेळांसह पुन्हा टाका आणि जुनं काढा. शुक्रवारच्या वेळा बघून कुणी रात्री नऊला थिएटरवर पोहोचला आणि शो नसेल, तर तो माणूस परत येत नाही.